केळीचा मुनवा, पर्णगुच्छ आणि रोपांची वाहतूक

पहिल्या पावसाच्या सुमारास गोव्यातील बाजारांत आणि रस्त्यांच्या कडेला रोपांची गर्दी होते. नारळ, सुपारी, मिरी, आंब्याची कलमे यांच्यासोबत केळीचे मुनवेही विक्रीस येतात. त्यांतील किती रोपे येथेच तयार झाली आणि किती पत्रादेवी, मोले वा पोळे येथून राज्यात आली, हे विचारण्याची पद्धत आपल्याकडे नाही. रोप टवटवीत दिसले की ग्राहक पैसे मोजतो. पण वनस्पतिरोगांच्या प्रसाराचा इतिहास पाहिला तर निरोगी दिसणाऱ्या रोपानेच सर्वाधिक घात केलेला आढळतो. केळीवरील पर्णगुच्छ हा रोग त्याचे ठळक उदाहरण होय.

शेतकऱ्यांमध्ये ‘बंची टॉप’ या नावाने परिचित असलेला हा रोग विषाणूमुळे होतो. लागण झालेल्या झाडाची नवी पाने आखूड, अरुंद व ताठ होत जातात आणि शेंड्याशी झुबक्यासारखी दाटतात. देठावर व मध्यशिरेलगत गडद हिरव्या ठिपक्यांच्या आणि तुटक रेषांच्या खुणा उमटतात. अशा झाडाला बहुधा घड येत नाही. आलाच तर तो खुरटलेला असतो. रोगावर औषध नसल्याने झाड समूळ नष्ट करण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

एका झाडावरून दुसऱ्या झाडावर हा विषाणू नेण्याचे काम केळीवरील काळपट मावा करतो. मात्र या किडीची मजल फार तोकडी असते. ऑस्ट्रेलियातील बागांच्या अभ्यासात, नव्याने लागण झालेल्या झाडांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश झाडे रोगाच्या मूळ झाडापासून 20 मीटरांच्या आतच सापडली होती. तरीही हा रोग समुद्र ओलांडून देशोदेशी पोहोचला, तो माणसाने नेलेल्या मुनव्यांतून. रोगट झाडाचे मुनवेही रोगटच निघतात. लागण अलीकडची असेल, तर मुनव्यावर काही आठवडे कोणतीही खूण दिसत नाही. तेवढ्या काळात तो शेकडो किलोमीटर दूरच्या बागेत रुजलेलाही असतो.

ऑस्ट्रेलियात हा रोग 1913 च्या सुमारास फिजीहून आणलेल्या मुनव्यांतून शिरला, असे मानले जाते. पुढील बारा वर्षांत न्यू साउथ वेल्स व क्वीन्सलंडच्या सीमेवरील केळीच्या पट्ट्यात सुमारे 90 टक्के लागवड उत्पादनाबाहेर गेली. जमिनीचा कस, बुरशी, हवामान अशा नाना कारणांवर संशय घेतला जात असताना मॅगी या तरुण संशोधकाने रोगाचा वाहक मावा असल्याचे दाखवून दिले. त्यापाठोपाठ कायदा आला, आणि तो कठोर होता. परवानगीशिवाय केळी लावण्यास बंदी झाली. लागवडीचे मुनवे रोगमुक्त ठरलेल्या बागांतूनच घेण्याची सक्ती झाली. निरीक्षक बागा हिंडू लागले आणि रोगट झाड नष्ट करणे मालकावर बंधनकारक ठरले. झाड तोडण्याआधी त्याच्या शेंड्यात रॉकेल ओतून मावा मारीत, कारण झाड मरू लागले की मावा शेजारच्या झाडाचा आश्रय घेतो. उद्योग पुन्हा उभा राहिला. विषाणू त्या पट्ट्यातून आजही पुरता गेलेला नाही. परंतु देशातील बहुतांश केळी जेथे पिकतात, त्या उत्तर क्वीन्सलंडमध्ये त्याला शिरकाव करता आलेला नाही. शंभर वर्षांच्या नियमनाची ही फलश्रुती लहान म्हणता येणार नाही.

भारतात हा रोग 1940 च्या सुमारास श्रीलंकेतून केरळमध्ये आला, असे मानतात. तमिळनाडूतील पळणीच्या खालच्या डोंगररांगांत ‘विरुपाक्षी’ या प्रसिद्ध डोंगरी केळीचे क्षेत्र सुमारे 18,000 हेक्टरांवरून 2,000 हेक्टरांपर्यंत घसरल्याची नोंद आहे.

आपल्याकडे कायदा नाही असे नव्हे. 1914 च्या विध्वंसक कीटक व कीड अधिनियमाखाली राज्याराज्यांतील रोपवाहतुकीवर निर्बंध घालता येतात, आणि पर्णगुच्छग्रस्त राज्यांतून केळीची रोपे बाहेर नेण्यावर तसे निर्बंध अधिसूचितही झालेले आहेत. परदेशी रोपांसाठी 2003 चा स्वतंत्र संगरोध आदेश असून बंदरांवर व विमानतळांवर त्याची यंत्रणा काम करते. राज्यांच्या सीमांवर मात्र रोपांची गाडी थांबवून तपासणारे नाके अपवादानेच आढळतात. आणि नाका असला तरी निरीक्षकाला तेथे काय दिसणार? खूण न उमटलेला मुनवा त्याच्याही डोळ्यांना निरोगीच दिसेल.

म्हणून नियमनाचा भर नाक्यापेक्षा मातृझाडावर हवा. ऊतिसंवर्धित रोपांसाठी अशी व्यवस्था 2006 पासून अस्तित्वात आहे. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या प्रमाणन पद्धतीत प्रयोगशाळेला मान्यता दिली जाते आणि केळीच्या रोपांची पर्णगुच्छासह प्रमुख विषाणूंसाठी चाचणी होते. ती अत्यावश्यक आहे, कारण मातृझाडच रोगट निघाले तर त्याच प्रयोगशाळेतून रोगाच्या हजारो प्रती बाहेर पडतील. ‘टिश्यू कल्चरची रोपे म्हणजे शुद्ध रोपे’ ही बाजारातील समजूत चाचणीवाचून फोल आहे. विरुपाक्षीलाही विषाणुमुक्त ऊतिसंवर्धित रोपांनीच पुन्हा आधार दिला.

गोव्यात हा प्रश्न भौगोलिक मानांकन लाभलेल्या मयडेच्या मिंडोळी केळीपाशी येऊन थांबतो. ती, साळदाटी आणि रसबाळी यांची लागवड मुख्यत्वे मुनव्यांवर चालते, आणि मुनवा सोयऱ्याधायऱ्यांकडून, शेजाऱ्याकडून, क्वचित बाजारातून येतो. या देवघेवीला परवान्याच्या चौकटीत कोंबणे व्यवहार्य नाही, इष्टही नाही. निवडक मिंडोळी झाडांची विषाणूचाचणी करून त्यांची मातृबाग राखणे आणि तिचे मुनवे किंवा ऊतिसंवर्धित रोपे माफक दरात देणे, हे मात्र एवढ्याशा राज्याला सहज झेपण्यासारखे आहे. विक्रीसाठी बाहेरून येणाऱ्या केळीच्या रोपांसोबत मूळ रोपवाटिकेचे नाव व चाचणीचा दाखला सक्तीचा केल्यास रोग आढळताच त्याचा माग काढता येईल. आज तो काढण्यास धागाच सापडत नाही.

तोपर्यंत मुनवा घेताना शक्य असल्यास तो ज्या झाडाचा आहे ते झाड पाहावे. त्याचे कोवळे पान उजेडासमोर धरून मध्यशिरेलगत तुटक हिरव्या रेषा दिसतात का, हे तपासावे. बाहेरून आणलेला मुनवा जुन्या बागेपासून दूर लावून पहिली काही पाने येईपर्यंत त्यावर लक्ष ठेवावे. खुणा दिसल्यास आधी मावा मारावा आणि मग झाड कंदासकट खणून नष्ट करावे. कंद मागे राहिला तर त्यातून पुन्हा रोगटच फुटवे येतात.