चंद्रभागा, भीमा की उजनीचे पाणी? एकाच नदीची तीन नावे, अन् सोलापूरच्या नळाशी तिचे नाते

सोलापूर : पंढरपुरात नदीचे नाव विचारले तर उत्तर येते ‘चंद्रभागा’. सोलापुरात नळाला येते ते पाणी ‘उजनीचे’. नकाशात मात्र दोन्हीकडे एकच नाव आहे, भीमा. या नदीचे पाणी कसे असेल, हे बऱ्याच अंशी सुमारे दोनशे किलोमीटर दूर पुण्यात ठरते. कसे, ते समजून घेऊ.

पंढरपुरात नाव का बदलते?

भीमा पुणे जिल्ह्यात भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावते. सोलापूर जिल्ह्यातून ती कर्नाटकात जाते आणि सुमारे ८६१ किलोमीटरचा प्रवास करून रायचूरजवळ कृष्णेला मिळते. पंढरपुरापाशी तिचे पात्र चंद्रकोरीसारखे वळते, म्हणून तिथे ती चंद्रभागा. पुढे पुन्हा भीमा.

पाण्यात काय मिसळते?

देहू-आळंदीची इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते. पिंपरी-चिंचवडमधून येणारी पवना मुळेत जाते आणि मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेत येते. दोन्ही शहरांचे सांडपाणी, शुद्ध केलेले आणि न केलेलेही, याच वाटेने उजनी धरणात पोहोचते. धरणात पाणी थांबते. सांडपाण्यातील नायट्रोजन आणि फॉस्फरस तिथे खताचे काम करतात. त्यावर शेवाळ आणि जलपर्णी पोसते.

नदी ‘प्रदूषित’ कशी ठरते?

मुख्य मोजमाप आहे बीओडी. पाण्यातील घाण कुजवताना जिवाणूंना किती ऑक्सिजन लागतो, ते त्यातून कळते. घाण जास्त, तर बीओडी जास्त आणि माशांना ऑक्सिजन कमी. नदीत स्नान करायचे तर लिटरमागे ३ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी, नीरा आणि भीमा या सगळ्या होत्या. ज्या नदीत लाखो वारकरी स्नान करतात, तिच्यासाठी हा निकष केवळ कागदावरचा नाही.

धरणाखाली नदी कधी वाहते?

उजनीची क्षमता सुमारे ११७ टीएमसी. त्यातील निम्म्याहून अधिक मृतसाठा आहे. म्हणूनच उन्हाळ्यात ‘उजनी उणे’ अशा बातम्या येतात. पावसाळा सोडला तर खालची नदी धरणाच्या दरवाजांवर अवलंबून असते. आषाढीआधी स्नानासाठी पाणी सोडले जाते, तसे सोलापूरच्या पिण्यासाठीही. पूर आला की उलटे चित्र दिसते. उजनीसोबत नीरेवरील वीर धरणाचे पाणीही येते आणि वाळवंटातील पुंडलिकाचे मंदिर पाण्याखाली जाते.

सोलापूरचा संबंध काय?

शहराला उजनीतून थेट जलवाहिनीने पाणी मिळते. शिवाय नदीत सोडलेले पाणी औज बंधाऱ्यात अडवून टाकळीहून उचलले जाते. औज पंढरपूरच्या खाली आहे. त्यामुळे पंढरपूरने नदीत काय सोडले, हा प्रश्न सोलापूरकरांचाही आहे.

आतापर्यंत काय झाले?

वारकऱ्यांच्या तंबू-राहुट्यांसाठी वाळवंटाऐवजी ‘६५ एकर’ची जागा देण्यात आली. राज्य सरकारने २०१६ मध्ये ‘नमामि चंद्रभागा’ची घोषणा केली. पुण्यात जपानच्या ‘जायका’ संस्थेच्या कर्जातून ३९६ एमएलडी क्षमतेची ११ सांडपाणी शुद्धीकरण केंद्रे मंजूर झाली. त्यांचे काम मूळ मुदतीत पूर्ण झाले नाही.

पंढरपुरात घाट झाडून काढले, निर्माल्य उचलले, तरी वरून येणारे सांडपाणी थांबत नाही. पुण्यातील केंद्र बंद पडले, तर त्याचा फटका उजनीमार्गे आपल्याला बसतो. त्यामुळे ‘नमामि चंद्रभागा’चे खरे काम पंढरपुराइतकेच पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्येही आहे.

उजनी किती टक्के भरले, हे पावसाळ्यात आपण रोज मोबाइलवर पाहतो. ते पाणी कसे आहे, याचा आकडाही तितक्याच सहज दिसायला हवा.