संकेतस्थळ कोणासाठी?

घरातील दोन रिकाम्या खोल्या पाहुण्यांना भाड्याने देऊन संसारास हातभार लावावा, असा विचार गोव्यातील खेड्यापाड्यांतून आज अनेक कुटुंबे करीत आहेत. त्यासाठी इंटरनेटवर आपले संकेतस्थळ असावे, हेही योग्यच होय. परंतु अशी काही संकेतस्थळे आम्ही पाहिली, तेव्हा घराण्याची थोरवी व स्वागताचे गोड शब्दच प्रथम दृष्टीस पडले. भाडे किती, हे मात्र शोधूनही सापडले नाही. असा पाहुणा मुकाट्याने दुसऱ्या दारी जातो, आणि साठवणीतला पैसा वाया जातो.

संकेतस्थळ यजमानाच्या हौसेसाठी नसून पाहुण्याच्या सोयीसाठी असते. वृद्ध आई व लहान मुले घेऊन बेळगावहून निघणाऱ्या गृहस्थाला काय हवे असते? एका रात्रीचे भाडे किती, जेवण मिळेल काय, आईला जिना चढावा लागेल काय, मोटार कोठे ठेवावी? विमानाने येणाऱ्याचा प्रश्न निराळा. जानेवारी २०२३ पासून गोव्यात दाबोळीबरोबरच मोपा येथूनही विमाने ये-जा करतात. मोपा पडले उत्तर टोकाला. तेव्हा घर काणकोणात असेल, तर दाबोळीच जवळची, ही एक ओळ पाहुण्याचा वेळ व पैसा दोन्ही वाचवील.

म्हणून आमची सूचना अशी की, संकेतस्थळ करणाऱ्याकडे जाण्यापूर्वी महिनाभर एक वही ठेवावी. टेलिफोनवर येणारा प्रत्येक प्रश्न तीत लिहावा. जो वारंवार येतो, त्याचे उत्तर पहिल्याच पानावर ठळक द्यावे. बहुतेक पाहुणे मोबाइलवरच पाहतात. म्हणून अक्षर मोठे, छायाचित्रे थोडी व खरी आणि फोन नंबर प्रत्येक पानावर असावा. १९८२ च्या कायद्यानुसार पर्यटन खात्याकडे केलेल्या नोंदणीचा क्रमांकही द्यावा. त्याने विश्वास वाढतो.

काम झाल्यावर परीक्षा घ्यावी. थोड्याशा माणसांकडून पाहणी करवली तरी बहुतेक दोष उघडे पडतात, असे सांगून तज्ज्ञ याकोब नीलसन यांनी २००० साली पाच हा आकडा सुचविला होता. तेव्हा पाच शेजाऱ्यांच्या हाती मोबाइल देऊन 'भाडे व वाट शोधा' एवढेच सांगावे आणि आपण गप्प बसून पाहावे. जेथे ते अडतील, तेथेच उद्याचा पाहुणाही अडेल.

घरी आलेल्याला आपण प्रथम पाणी विचारतो, घराण्याचा इतिहास मागाहून सांगतो. संकेतस्थळावरही हाच क्रम पाळावा.