पडद्यावरचं यकृत

दुसऱ्याच दिवशी त्याला उलटी झाली. गाडीत बसून तो डबल क्वार्टर पाउंडर, फ्राईजचा भला मोठा पुडा आणि सव्वा लिटरच्या आसपास थंड पेय संपवायला बसला होता. खाता खाता तो घामाघूम झाला, पोट धरून बसला आणि शेवटी खिडकीतून डोकं बाहेर काढून त्यानं सगळं ओकून टाकलं. कॅमेरा चालूच होता. 'सुपर साइझ मी' हा माहितीपट ज्यांनी पाहिलाय, त्यांना बाकी काही आठवो न आठवो, हे दृश्य आठवतंच.

मॉर्गन स्परलॉक हा न्यूयॉर्कचा बत्तीस वर्षांचा धडधाकट तरुण. २००२ साली त्याच शहरातल्या दोन किशोरवयीन मुलींच्या वतीनं मॅकडोनल्ड्सवर दावा दाखल झाला होता. आमचा लठ्ठपणा या खाण्यामुळे, असं त्यांचं म्हणणं. कोर्टात ते टिकलं नाही. त्या दाव्यावरून स्परलॉकनं स्वतःवरच प्रयोग करायचं ठरवलं. १ फेब्रुवारी २००३ पासून तीस दिवस, तिन्ही वेळचं खाणं फक्त मॅकडोनल्ड्सचं. प्यायचं पाणीसुद्धा तिथलंच. काउंटरवर 'सुपर साइझ' हवंय का असं विचारलं, तर नाही म्हणायचं नाही. चालणंही दिवसाला पाच हजार पावलांच्या आत.

महिन्याअखेरीस त्याचं वजन ११ किलोंनी वाढलं होतं. कोलेस्टेरॉल २३० वर गेलं. पण त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांना धक्का बसला तो यकृताच्या तपासण्यांनी. तिसऱ्या आठवड्यात छातीत धडधड सुरू झाली तेव्हा त्यांनी त्याला प्रयोग थांबवायची कळकळीची विनंती केली. जानेवारी २००४ मध्ये सनडान्स महोत्सवात माहितीपट झळकला, आणि काही आठवड्यांतच मॅकडोनल्ड्सनं 'सुपर साइझ' बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्याचा माहितीपटाशी संबंध नाही, असंही कंपनीनं सांगितलं. पुढे ऑस्करचं नामांकन मिळालं आणि हा माहितीपट कित्येक शाळांच्या वर्गांत दाखवला गेला.

डिसेंबर २०१७ मध्ये स्परलॉकनं स्वतःबद्दलचं एक जाहीर निवेदन लिहिलं. त्यात एक कबुली होती: गेल्या तीस वर्षांत आपण आठवडाभराहून जास्त काळ दारूपासून दूर राहिलेलो नाही. माहितीपटात डॉक्टर त्याला दारूबद्दल विचारतात, तेव्हा तो नाही म्हणतो. यकृताचे आकडे दारूनं वाढतात, हे वैद्यकीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असतं. म्हणजे माहितीपटातला सर्वांत हादरवणारा पुरावाच संशयास्पद ठरला. त्यानं रोज काय खाल्लं याची तपशीलवार नोंदही कधी प्रसिद्ध केली नाही. मे २०२४ मध्ये कर्करोगानं त्याचं निधन झालं.

मला या गोष्टीचं फार वाईट वाटतं. ज्या मुलांसाठी त्यानं हा खटाटोप केला, त्यांच्या ताटात काय पडावं हा प्रश्न अगदी खरा होता. त्या एका लपवलेल्या गोष्टीमुळे, प्रश्न टाळू पाहणाऱ्यांना 'ते सगळं खोटं होतं' म्हणायची सोय झाली. ते सगळं खोटं नव्हतं, हे ठामपणे सांगता येतं, कारण तोच प्रयोग पुढे नीट केला गेला.

माहितीपट पाहून स्वीडनमधल्या लिंशॉपिंग विद्यापीठाचे फ्रेड्रिक नीस्ट्रॉम यांनी अठरा निरोगी, सडपातळ तरुण-तरुणी निवडले. चार आठवडे दिवसाकाठी किमान दोन जेवणं फास्ट फूडची, एकूण उष्मांक नेहमीच्या दुप्पट आणि व्यायामाला सुट्टी. तुलनेसाठी तशाच तरुणांचा दुसरा गट नेहमीसारखं जगत होता. २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वजन सरासरी ६.४ किलोंनी वाढलं. एएलटी हे विकर, आपल्याकडच्या लॅबच्या रिपोर्टवर जे एसजीपीटी म्हणून छापलेलं असतं, ते सरासरी २२ वरून ९७ वर गेलं. हे विकर यकृताच्या पेशींत राहतं. पेशींना इजा झाली की ते झिरपून रक्तात येतं. एका महिन्यात, तरुण माणसांत, नुसत्या खाण्यानं आणि बसून राहण्यानं हे घडलं होतं.

संशोधकांनी आणखी एक गोष्ट टिपली. एएलटीच्या वाढीचं नातं दिसलं ते खाण्यातल्या साखरेशी. याचं कारण यकृताच्या कामातच आहे. जेवणातली साखर यकृत ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं, पण ही कणगी लहान असते, जेमतेम शंभर ग्रॅमची. ती भरली की उरलेल्या साखरेपासून यकृत चरबी बनवू लागतं. त्यातही थंड पेयांमधलं फ्रुक्टोज बहुतांशी यकृतातच येऊन पडतं, कारण ते हाताळण्याचं मुख्य काम तिथलंच. एक गंमत मात्र ध्यानात ठेवावी: अठरांपैकी फक्त दोघांच्या यकृतात चरबी आजार म्हणावी इतकी साचली. शरीर सगळ्यांचं सारखं वागत नाही, आणि म्हणूनच एका माणसाच्या यकृतावरून निकाल लावायचा नसतो.

तरीही स्वीडनमधल्या तरुणांना दुप्पट खायला सांगितलेलं होतं. घरात, बाजारात आपल्याला कुणी सांगत नाही. मग आपण जास्त का खातो? या प्रश्नाला अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत तेव्हा काम करणाऱ्या केविन हॉल यांनी हात घातला. मला हा प्रयोग या विषयातला सर्वांत सुंदर वाटतो. वीस माणसं चार आठवडे रुग्णालयातच मुक्कामाला. दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं अन्न, दोन आठवडे घरच्यासारखं ताजं. पुढ्यात वाढलेल्या दोन्ही ताटांत उष्मांक, साखर, चरबी, मीठ, तंतू यांचं प्रमाण जुळवलेलं. प्रक्रिया केलेल्या अन्नात तंतू इतके कमी, की ते लिंबाच्या सरबतात वेगळे विरघळवून द्यावे लागले. हवं तेवढं खा, नको तर सोडा, एवढीच सूचना.

अतिप्रक्रिया केलेलं अन्न असताना माणसं रोज सरासरी ५०० उष्मांक जास्त खात होती. म्हणजे साधारण दोन वडापाव रोज, नकळत. दोन आठवड्यांत वजन सुमारे ९०० ग्रॅमनं वाढलं आणि ताज्या अन्नावर तेवढंच उतरलं. माणसं ते अन्न खातही होती भरभर. मऊ, फारसं चावावं न लागणारं अन्न पटकन घशाखाली उतरतं, आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूकडे पोचेपर्यंत पुढचे चार घास गेलेले असतात. २०१९ मध्ये आलेल्या याच अभ्यासात जेवणाचा खर्चही मांडलाय: रोजच्या २००० उष्मांकांच्या हिशेबानं आठवड्याला प्रक्रिया केलेलं १०६ डॉलर, ताजं १५१ डॉलर. गरीब घरांत हा प्रश्न मनाच्या निग्रहाचा कमी आणि खिशाचा जास्त आहे, हे एवढ्यावरूनही कळतं.

हे प्रयोग झाले परदेशातल्या शरीरांवर; आपल्या भारतीय शरीरांची गोष्ट थोडी वेगळी आहे. 'सुपर साइझ मी' ज्या जानेवारीत दाखवला गेला, त्याच महिन्यात 'लॅन्सेट'मध्ये एक छायाचित्र छापून आलं. शेजारी शेजारी दोन सडपातळ शास्त्रज्ञ: पुण्याच्या केईएम रुग्णालयातले चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर दोघे सारखेच निरोगी दिसले असते. आपल्या अंगात या चरबीचा कल पोटात, आतल्या अवयवांभोवती साठण्याकडे असतो, आणि मधुमेहाची वाट तिथूनच सुरू होते.

याज्ञिकांच्या चमूनं पुण्याजवळच्या सहा खेड्यांत जन्मलेली बाळं मोजली तेव्हा त्यांचं सरासरी वजन २.७ किलो भरलं. इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो होतं. पुण्याकडची बाळं हातापायांनी बारीक, स्नायू कमी, पण कातडीखालची चरबी त्या मानानं जवळजवळ शाबूत. स्परलॉकचं अंग कमावलेलं होतं आणि त्याच्या शरीराला ११ किलो वाढायला जागा होती. अशा एखाद्या बाळाला पुढे तालुक्याच्या ठिकाणी थंड पेयाची बाटली आणि चिप्सचं पाकीट हातात मिळेल, तेव्हा त्याच्या यकृताला तेवढी मोकळीक नसेल, आणि आई म्हणत राहील की पोरगं वाळकंच आहे, खाऊ दे.