मेहनत करताना भोवळ का येते?

पुण्यात बुधवार पेठ नावाची जुनी पेठ आहे. पुण्यात मानाचे पाच गणपती आहेत. त्यांपैकी तीन याच पेठेत बसतात. दुसरा तांबड्या जोगेश्वरीचा, तिसरा गुरुजी तालमीचा आणि चौथा तुळशीबागेचा.

गुरुजी तालमीचा गणपती १८८७ सालचा. हिंदू आणि मुसलमान घरांनी मिळून तो बसवला. तालीम म्हणजे व्यायामाची आणि कुस्तीची जागा. ती तालीम आज राहिली नाही. नाव मात्र राहिले.

पूर्वी तालमीत गडी जोर-बैठका काढून घाम गाळीत. आज विसर्जनाच्या दिवशी मुलगे आणि मुली कमरेला ढोल बांधून बेलबाग चौकातून वाजवीत जातात. ती मिरवणूक संपायला अलीकडे चोवीस तासांहून जास्त वेळ लागतो. बैठका असोत, ढोल असो की शेतातले ओझे असो, मेहनत ती मेहनतच. अशा मेहनतीत कधी कधी डोके हलके होते. डोळ्यांपुढे अंधारी येते. कान गुंगतात. गार घाम सुटतो. यालाच आपण भोवळ म्हणतो.

कोणी म्हणते, नजर लागली. कोणी म्हणते, गडी कच्चा आहे. दोन्ही खरे नाही. मग खरे कारण काय?

डोके म्हणजे वरचा वाफा

विहिरीवरचा पंप पाणी वरच्या वाफ्याला चढवतो. आपले हृदय तसेच रक्त डोक्याला चढवते. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त असते. स्वस्थ बसलो तर हृदय मिनिटाला ७० च्या आसपास ठोके देते. जोराच्या मेहनतीत ते १५० पर्यंतही जातात. मेंदूला रक्त सतत लागते. ते थोडे कमी पडले की भोवळ येते. पुरते थांबले तर दहा सेकंदांच्या आत शुद्ध जाते.

रक्त कमी का पडते? त्याची कारणे नीट समजून घेऊ.

एक : एकदम थांबणे. बैठका काढताना पायांचे स्नायू आवळतात आणि सैल होतात. त्यामुळे पायांतले रक्त वर ढकलले जाते. आपण एकदम थांबून ताठ उभे राहिलो, की हे ढकलणे बंद पडते. रक्त पायांत साचते. मिरवणूक अडली आणि ढोलवाला जागच्या जागी उभा राहिला, तर हेच होते. म्हणून मेहनत हळूहळू कमी करावी. चार पावले चालावे. उभेच राहावे लागले तर टाचा वर-खाली कराव्यात.

दोन : घाम. घामाबरोबर पाणी आणि मीठ जाते. विहिरीत पाणीच कमी, तर पंप काय चढवील? तहान लागायची वाट न पाहता घोट घोट पाणी प्यावे.

तीन : रिकामे पोट. उपास धरून ओझे उचलू नये, ढोलही बांधू नये. तडस लागेपर्यंत जेवूनही लगेच मेहनत करू नये.

चार : श्वास कोंडणे. पोते किंवा ढोल उचलताना पुष्कळ जण दम धरतात. त्याने हृदयाकडे परतणारे रक्त अडते. उचलताना श्वास सोडावा.

पाच : अंगात रक्त कमी असणे. बायकांत हे फार आढळते. थोड्या कामाने दम लागतो, चक्कर येते. सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्यावे.

सहा : औषधे. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या औषधांनीही चक्कर येऊ शकते. गोळी आपल्या मनाने बंद करू नये. डॉक्टरांना सांगावे.

भोवळ आली तर

लोक हसतील म्हणून रेटू नका. उभ्याने पडलात तर डोके फुटेल. ताबडतोब खाली बसा, जमल्यास आडवे व्हा. सोबत्यांनी पाय उशाहून उंच धरावेत. कमरेचा पट्टा, गळ्याची गुंडी सैल करावी. गर्दी हटवावी, वारा येऊ द्यावा. बहुतेकांना थोड्याच वेळात बरे वाटते. मग बसवून पाणी द्यावे. फार घाम गेला असेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते द्यावे. उठताना आधी बसावे, मग उभे राहावे. त्या दिवशी पुन्हा मेहनत करू नये.

बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका. ते श्वासनळीत जाते. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका.

हे साधे नव्हे

मेहनत थांबल्यावर आलेली भोवळ बहुधा साधी असते. पण मेहनत चालू असतानाच माणूस कोसळला, तर हृदयाचा दोष असू शकतो. छातीत दुखले, धडधड वाढली किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक गेले असेल, तरीही डॉक्टरांकडे जावेच. हृदयाची तपासणी होईपर्यंत मेहनत बंद ठेवावी.

उन्हात अंग तापून माणूस बरळू लागला, तर तो उष्माघात आहे. त्याला सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ क्रमांकावर फोन करून गाडी बोलवा. माणूस हाक देऊन उठत नसेल आणि श्वासही नीट घेत नसेल, तर १०८ ला फोन करा आणि लगेच छातीच्या मधोमध दोन्ही तळव्यांनी जोराने, भराभर दाबत राहा. मदत येईपर्यंत थांबू नका.

तालमीतला वस्ताद नव्या गड्याला पहिल्याच दिवशी शंभर बैठका काढायला लावीत नाही. पाच काढायला लावतो, मग दहा. अंगाला सवय लागते, तशी ताकद वाढते. मेहनत जरूर करा. पण अंग सांगते ते ऐका. वेळेवर खाली बसलेला गडी दुसऱ्या दिवशी पुन्हा आखाड्यात उतरतो.