मॅकिन्ली हायस्कूलचा गानवृंद

इंग्रजी भाषेत ‘ग्ली’ हा शब्द दोन अर्थांनी नांदत आला आहे. एक अर्थ उल्हास. दुसरा अर्थ, वाद्यांच्या साथीवाचून तीन वा अधिक आवाजांनी मिळून म्हणावयाचे गीत. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये अशा गीतांची गोडी इतकी वाढली की ती म्हणण्यासाठी मंडळे निघाली आणि त्यांना ‘ग्ली क्लब’ हे नाव पडले. पुढे हा प्रकार अमेरिकेत गेला. हार्वर्ड विद्यापीठाचा ग्ली क्लब १८५८ साली स्थापन झाला. कालांतराने नाव तेच राहिले आणि आतील वस्तू बदलली. अमेरिकन शाळांतून आज जी मंडळी या जातीच्या स्पर्धा गाजवितात ती वाद्यांसह गातात, गाता गाता नाचतात आणि झगमगीत पोशाखात रंगमंचावर येतात. अशा एका शालेय गानवृंदाच्या जीवावर अमेरिकेतील फॉक्स या दूरचित्रवाणी कंपनीने ‘ग्ली’ नावाची विनोदी संगीतमालिका सादर केली. तिचा पहिला भाग १९ मे २००९ रोजी दाखविला गेला. शेवटचा, एकशे एकविसावा, मार्च २०१५ मध्ये. रायन मर्फी, ब्रॅड फॉलचक व इयान ब्रेनन हे तिचे तीन कर्ते. मालिका पुढे पुष्कळ वाहवली. तथापि सुमारे पाऊण तासाचा तो पहिला भाग स्वतंत्रपणे पाहण्याजोगा आहे.

कथा घडते ओहायओ राज्याच्या वायव्येस असलेल्या लायमा या गावी. शाळेचे नाव विल्यम मॅकिन्ली हायस्कूल. मॅकिन्ली हे ओहायओचेच सुपुत्र. अमेरिकेचे अध्यक्ष असताना १९०१ साली त्यांचा खून झाला. गाव खरे आहे, शाळा मात्र कल्पित. या शाळेत प्रतिष्ठेच्या पायऱ्या अगदी ठरलेल्या आहेत. वरच्या पायरीवर फुटबॉलचे खेळाडू आणि त्यांच्या सामन्यांत कवायती नृत्ये करून संघाला चेव आणणाऱ्या मुली, म्हणजे चीअरलीडर्स. तळाशी गाणारी मुले. या तळाच्या मुलांवर जो बळजोर येईल त्याने रंगीत बर्फाच्या सरबताचा पेला तोंडावर रिकामा करावा, अशी तेथील रीत आहे. आपल्याकडील बर्फाच्या गोळ्याचा चुरा करून तो कोणी अकस्मात डोळ्यांत फेकावा, तसलाच हा प्रकार.

आरंभीच्या एका प्रसंगातच लेखकांचा हात दिसतो. स्पॅनिश शिकविणारे तरुण शिक्षक विल शूस्टर आपली खिळखिळी मोटार घेऊन शाळेत येतात. वाटेत फुटबॉलच्या पोरांनी कर्ट हमेल नावाच्या नाजूक मुलाला घेरलेले असते. शूस्टर हसतमुखाने त्यांची विचारपूस करतात आणि पुढे जातात. त्यांची पाठ वळताच पोरे कर्टला उचलून कचऱ्याच्या मोठ्या पेटीत टाकू पाहतात. कर्ट एवढीच विनंती करतो की अंगातील कोट नवा आहे, तेवढा उतरवू द्यावा. संघाचा म्होरक्या फिन हडसन ती मान्य करतो; कोट निघतो आणि मग मुलगा पेटीत जातो. प्रेक्षक हसतो. पण या हसण्यात दोन गोष्टी त्याच्या पदरात पडलेल्या असतात: फिन दुष्ट नाही, फक्त भिडस्त आहे, आणि शूस्टर सज्जन आहेत, पण डोळ्यांसमोरचे त्यांना दिसत नाही. पुढचे सारे कथानक या दोन उणिवांवर उभे आहे.

शाळेचा गानवृंद मोडकळीस आलेला आहे. त्याच्या शिक्षकाला एका विद्यार्थ्याशी गैरवर्तन केल्याच्या तक्रारीवरून काढून टाकण्यात येते. शूस्टर स्वतः याच शाळेचे विद्यार्थी. १९९३ साली याच वृंदात ते राष्ट्रीय स्पर्धेत गायले होते. ते मुख्याध्यापक फिगिन्स यांच्याकडे जाऊन वृंदाचा भार मागतात. फिगिन्स भार देतात, पण दरमहा साठ डॉलर शूस्टर यांनी पदरचे भरावेत या अटीवर. सभागृह भाड्याने दिले तर शाळेला चार पैसे मिळतील, हा हिशेबही ते बोलून दाखवितात. शिक्षकांच्या खोलीतील कॉफीचे भांडे काटकसरीपायी आधीच नाहीसे झालेले असते. कोणत्याही कचेरीत अंदाजपत्रकाच्या महिन्यात वावरलेल्या माणसाला हे फिगिन्स परके वाटणार नाहीत. ते कलेचे शत्रू नाहीत. त्यांच्यापुढे आकड्यांचा तक्ता आहे आणि त्या तक्त्यात चीअरलीडर्सच्या शिक्षिका सू सिल्वेस्टर यांच्या नावापुढे चषक आहेत, गानवृंदाच्या नावापुढे काही नाही. कराचीत जन्मलेल्या इक्बाल थेबा या नटाने हे काम अगदी कोरड्या चेहऱ्याने केले आहे. सूबाईंचे काम करणाऱ्या जेन लिंच यांना पुढे २०१० साली एमी पारितोषिक लाभले, आणि या भागाच्या दिग्दर्शनाबद्दल त्याच वर्षी मर्फी यांनाही.

या भागाचे खरे मर्म गायनपरीक्षेच्या प्रसंगात आहे. फलकावर यादी लागते आणि एकेक मुलगा, एकेक मुलगी रिकाम्या रंगमंचावर येऊन एक गाणे म्हणते. कोणी आपली कहाणी सांगत नाही. गाण्याची निवड हीच ओळख. मर्सिडीज जोन्स ही भारदस्त आवाजाची कृष्णवर्णी मुलगी ‘रिस्पेक्ट’ हे गीत निवडते. ओटिस रेडिंगने १९६५ साली रचलेले हे गीत १९६७ साली अरीथा फ्रँकलिनने गायले आणि ते मानाची मागणी करणाऱ्या साऱ्या स्त्रियांचे होऊन बसले. कचऱ्याच्या पेटीत पडलेला कर्ट ‘शिकागो’ या १९७५ च्या संगीतिकेतील एका दुर्लक्षित नवऱ्याचे गाणे गातो. आपण पारदर्शक कागदासारखे आहो, लोक आपल्यातून आरपार पाहतात पण आपल्याला पाहत नाहीत, असा त्याचा आशय. हा मुलगा सकाळी कुठे होता हे प्रेक्षकाला आठवते. एक शब्दही खर्च न करता लेखकाने काम साधले. कर्टचे काम करणारा क्रिस कोल्फर वस्तुतः दुसऱ्याच भूमिकेसाठी परीक्षेला गेला होता. त्याला पाहून ही भूमिका नव्याने लिहिण्यात आली.

मग येते रेचल बेरी. हिला दोन वडील आहेत, आई घरात नाही. ती रोज आपले गाणे चित्रित करून जगापुढे मांडते आणि सहीपुढे सोनेरी तारा चिकटविते, कारण आपण तारका होणार आहोत हे लोकांना आधीच कळलेले बरे! ती ‘ले मिझेराब्ल’मधील एपोनीनचे एकाकी प्रेमाचे गाणे गाते. व्हिक्टर ह्यूगोच्या १८६२ च्या कादंबरीवरील या संगीतिकेत, रेचल साकारणाऱ्या ली मिशेल यांनी बालवयात ब्रॉडवेच्या रंगमंचावर काम केले होते. त्यामुळे तो सूर उसना वाटत नाही. रेचल असह्य आहे आणि तिचा आवाज खरा आहे. या दोहोंपैकी एकही गोष्ट लेखकांनी सौम्य केलेली नाही, हे त्यांचे शहाणपण.

मराठी संगीत नाटकावर वाढलेल्या श्रोत्याला येथे एक फरक जाणवेल. आपल्या नाटकांत पात्र बोलता बोलता पदात शिरते आणि ते का गाते असे कोणी विचारीत नाही. ‘ग्ली’च्या या पहिल्या भागात मात्र बहुतेक गाण्याला व्यवहारातले निमित्त दिलेले आहे: परीक्षा, तालीम, स्पर्धा, स्नानगृहातील गुणगुणणे. कोणी कारणावाचून गात नाही. वास्तवाची ही अट पाळूनही गाणे मनातलेच बोलते, ही त्या मांडणीतील युक्ती होय. व्हीलचेअरवरील आर्टी आणि अडखळत बोलणारी टीना यांच्या वाट्याला मात्र या भागात फारसे काही आलेले नाही; ती वृंदाची संख्या भरतात. आर्टीचे काम धडधाकट नटाला दिल्याबद्दल त्या काळी आक्षेपही घेतले गेले, आणि ते निराधार म्हणता येणार नाहीत.

पहिली तालीम फसते. रेचल बजावते की तोडीचा पुरुषस्वर मिळाला नाही तर आपण निघून जाऊ. एके दिवशी शूस्टर यांना खेळाडूंच्या स्नानगृहातून एक निर्मळ आवाज ऐकू येतो. तो फिनचा. आणि येथे हा सज्जन शिक्षक एक अत्यंत गैर गोष्ट करतो. काढून टाकलेल्या त्या जुन्या शिक्षकाकडून हाती आलेली गांजाची पुडी तो फिनच्या कपाटात सापडल्याचे भासवितो आणि त्याला पेच घालतो: गानवृंदात ये, नाहीतर ही नोंद कायमची होईल आणि खेळाच्या शिष्यवृत्तीची आशा संपेल. मुलगा मुकाट्याने येतो. त्याचे वडील इराकच्या लढाईत पडलेले. आईच्या आयुष्यात आलेला दुसरा पुरुष, हिरवळीवर रंग फवारणारा एक कामगार, तोही तिला सोडून गेलेला. रडणाऱ्या आईला पाहून या पोराने मनाशी ठरविलेले की तिला आपला अभिमान वाटेल असे काही करून दाखवायचे. शिक्षकाने नेमकी हीच कळ दाबली.

विनोदी मालिकेत असल्या गोष्टी खपून जातात असे म्हणता येईल. पण प्रश्न उरतोच. फिनला त्या सक्तीतून स्वतःचा आवाज सापडला हे खरे. त्याने कृत्य शुद्ध होत नाही. या भागात शूस्टर यांना कोणी जाब विचारीत नाही, फिनला सत्य कळत नाही, आणि लेखकही या कृत्यावर बोट ठेवीत नाहीत. या जागी पटकथा कच्ची आहे. पात्राच्या चांगुलपणावर तिने जे कर्ज काढले ते या भागात तरी फेडलेले नाही.

इकडे संकटे वाढत जातात. प्रतिस्पर्धी कार्मेल हायस्कूलचा वृंद पाहण्यास मुले जातात, आणि एमी वाइनहाउसचे ‘रिहॅब’ त्यांनी इतक्या सफाईने सादर केलेले पाहून थिजून बसतात. घरी शूस्टर यांची पत्नी टेरी सांगते की तिला दिवस गेले आहेत; हिशेबनीसाची नोकरी धरा, पगार बरा आहे. शूस्टर राजीनामा देतात. फिनही मित्रांच्या धाकाने वृंद सोडतो. शाळेतील समुपदेशिका एमा पिल्सबरी, जिला स्वच्छतेचे वेड आहे आणि शूस्टर यांच्याविषयी मूक ओढ, त्यांना १९९३ च्या स्पर्धेची चित्रफीत दाखविते. पडद्यावर तरुण शूस्टर गात असतात. ते कबूल करतात की त्या क्षणी आपण कोण आहोत हे आपल्याला ठाऊक होते. तरीही संसाराचा आधार झाला पाहिजे, हा त्यांचा मुद्दा. त्यावर एमा विचारते ते असे, की मुलाला तुम्ही पैशाखेरीज आणखी काय देणार? या संवादात दोघांचेही म्हणणे खरे आहे. घर पैशाने चालते. साठ डॉलर दरमहा पदरचे भरणाऱ्या माणसाला हे सांगावे लागत नाही.

फिन परततो तो दुसऱ्या एका कारणाने. त्याचे सवंगडी आर्टीला सार्वजनिक शौचपेटीत कोंडून ती उलथविण्याच्या बेतात असतात. सकाळी कोट उतरवू देण्यापुरतेच ज्याचे धैर्य होते तो आता पेटीचे दार उघडतो आणि व्हीलचेअर ढकलीत निघून जातो. ही व्हीलचेअर ज्याच्या हातात होती तो नट, कॉरी मॉन्टिथ, जुलै २०१३ मध्ये एकतिसाव्या वर्षी अंमली पदार्थांच्या सेवनाने मरण पावला. गांजाच्या त्या पुडीचा प्रसंग आज पाहताना पूर्वीइतके हसू येत नाही.

आता वृंदाला शिक्षक नाही. मुले आपली कामे आपणच वाटून घेतात, लाल सदरे चढवितात आणि रिकाम्या सभागृहात गातात. गाणे आहे जर्नी या मंडळीचे, १९८१ सालचे ‘डोन्ट स्टॉप बिलीव्हिन’. मूळ गीताच्या आरंभी पियानोवर जे स्वर येतात ते येथे मुले तोंडाने काढतात; म्हणजे वाद्यांच्या साथीवाचून म्हणावयाच्या त्या जुन्या ‘ग्ली’चीच आठवण. हे ध्वनिमुद्रण स्वतंत्रपणे विक्रीस आले तेव्हा अमेरिकेच्या यादीत चौथ्या क्रमांकावर गेले. फेब्रुवारी २०११ पर्यंत या वृंदाच्या नावावर त्या यादीत एल्व्हिस प्रेस्लीपेक्षा अधिक गाणी लागली होती. गाणे स्टुडिओत आधी मुद्रित झालेले आणि नटांनी चित्रणात केवळ ओठ हलविलेले, हे ठाऊक असूनही प्रसंग उणावत नाही.

वरच्या सज्जातून सूबाई आपल्या मुलींसह पाहत उभ्या आहेत; त्यांच्या मुद्रेवर प्रथमच काळजी दिसते. शूस्टर जाण्याच्या तयारीत असताना दुरून सूर ऐकतात आणि दारातून आत येतात. गाणे संपते. मुले त्यांच्याकडे पाहतात. ते म्हणतात, दहापैकी नऊ गुण. राष्ट्रीय स्पर्धेला दहा लागतात. मग तुम्ही राहणार का, असे विचारल्यावर ते उत्तर देतात की मुलांनी आपल्यावाचून राष्ट्रीय स्पर्धा जिंकलेली आपल्याला खपणार नाही. फिन सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून धरायला सांगतो.