विश्लेषण : बॅकअप असूनही डेटा का हरवतो? डेटाबेसचे ‘लॉग’ जपणे का गरजेचे?

मध्यरात्री डेटाबेसची प्रत घेतली आणि दुपारी दोनला सर्व्हर कोसळला, तर सकाळपासूनचे व्यवहार कुठून आणायचे? रात्रीच्या प्रतीत ते असणे शक्यच नाही. ते असतात ‘लॉग’मध्ये, पण हे लॉग बाजूला काढून जपले असतील तरच. तसे न केल्यास काय होते, याचे गिटलॅबइतके जाहीर उदाहरण क्वचितच सापडेल.

गिटलॅबमध्ये काय घडले होते?

जगभरातील प्रोग्रामर आपला कोड ज्या ‘गिटलॅब डॉट कॉम’वर ठेवतात, तिचा मुख्य डेटाबेस सर्व्हर ३१ जानेवारी २०१७ रोजी स्पॅमच्या माऱ्यामुळे ताणाखाली होता. त्याची हुबेहूब नक्कल ठेवणारा दुय्यम सर्व्हर मागे पडत गेला आणि अखेर थांबला. नक्कल नव्याने सुरू करण्यासाठी दुय्यम सर्व्हरवरील डेटाचा फोल्डर रिकामा करायचा होता. रात्री उशिरापर्यंत थांबलेल्या अभियंत्याने तशी आज्ञा दिली खरी, पण ती मुख्य सर्व्हरवर. एकदोन सेकंदांत चूक लक्षात आली आणि आज्ञा थांबवण्यात आली. तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते.

मग बॅकअपची शोधाशोध सुरू झाली. दर २४ तासांनी प्रत घेण्याची व्यवस्था कागदोपत्री होती. प्रत्यक्षात डेटाबेस पोस्टग्रेसच्या ९.६ आवृत्तीवर आणि प्रत घेणारे साधन ९.२ चे, त्यामुळे ते दर वेळी त्रुटी देऊन बंद पडत होते. अपयश कळवणारे ई-मेलही निघत होते. पण प्रेषकाच्या पडताळणीत अडकून नाकारले जात होते. क्लाउडवरील डिस्कची प्रत घेण्याची सोय डेटाबेस सर्व्हरसाठी सुरूच केलेली नव्हती. अखेर कामी आली ती त्याच अभियंत्याने वेगळ्याच चाचणीसाठी सुमारे सहा तास आधी हाताने घेतलेली एक प्रत. निव्वळ योगायोग! कोडची भांडारे वेगळीकडे असल्याने वाचली. मात्र मधल्या सहा तासांतील सुमारे पाच हजार प्रकल्पांच्या नोंदी, तितक्याच प्रतिक्रिया आणि ७०० नवी खाती गेली ती गेलीच.

या सहा तासांची नोंद कुठेच नव्हती?

होती. डेटाबेसमधील प्रत्येक बदल लॉगमध्ये लिहिला जातो. पण गिटलॅबमध्ये हे लॉग दुसरीकडे साठवण्याची, म्हणजे ‘आर्काइव्ह’ करण्याची सोय चालू नव्हती. गंमत अशी, की दुय्यम सर्व्हर अडला तोही याच कारणाने. त्याला हवे असलेले लॉग मुख्य सर्व्हरने आधीच काढून टाकले होते. ते कुठेतरी जपलेले असते, तर फोल्डर रिकामा करण्याची वेळ कदाचित आलीच नसती.

लॉग म्हणजे नेमके काय?

जुन्या पेढीवरची रोजकीर्द आणि खतावणी आठवावी. व्यवहार झाला की तो आधी रोजकीर्दीत क्रमाने उतरवायचा, मग सवडीने खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर न्यायचा. डेटाबेस हेच करतो. बदल आधी लॉगमध्ये पक्का होतो, मुख्य फायलींमध्ये नंतर जातो. ओरॅकलमध्ये याला ‘रीडू लॉग’ म्हणतात, पोस्टग्रेसमध्ये ‘वॉल’, एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘ट्रान्झॅक्शन लॉग’. खतावणी जळाली तरी गेल्या महिन्याची तिची प्रत आणि तेव्हापासूनची सलग रोजकीर्द हाती असेल, तर मुनीम आजचा हिशेब पुन्हा उभा करू शकतो.

अडचण एवढीच, की डेटाबेसच्या रोजकीर्दीला पाने मोजकी असतात. ओरॅकलमध्ये शेवटची लॉग फाइल भरली की पहिलीवरच पुन्हा लिहिणे सुरू होते. ‘आर्काइव्हलॉग’ पद्धत चालू केली, तरच फाइल पुसली जाण्याआधी तिची प्रत बाजूला ठेवली जाते.

पूर्ण बॅकअप पुरेसा का नाही?

शेवटच्या काही तासांचे नुकसान हे एक कारण झाले. दुसरे अधिक गुंतागुंतीचे आहे आणि अनेकांच्या लक्षात येत नाही. मोठ्या डेटाबेसची प्रत क्षणात होत नाही. समजा, ती रात्री एक ते चार या वेळेत घेतली आणि व्यवहार चालूच राहिले. पहिल्या खात्याची नोंद सव्वा वाजता प्रतीत गेली. तीन वाजता त्या खात्यातून पाच हजार रुपये दुसऱ्या खात्यात वळते झाले. साडेतीनला दुसरे खाते प्रतीत उतरले. आता प्रतीत हे पाच हजार दोन्ही खात्यांत दिसतात! अशी प्रत एकटी वापरताच येत नाही. बॅकअप चालू असतानाचे लॉग तिच्यावर चढवले, की मगच हिशेब जुळतो. म्हणूनच ओरॅकलच्या ‘आरमॅन’ या साधनात ‘बॅकअप डेटाबेस प्लस आर्काइव्हलॉग’ ही आज्ञा आहे. ती आधी लॉगची प्रत घेते, मग डेटाबेसची आणि शेवटी चालू लॉग बंद करून, मधल्या काळात साचलेल्या लॉगचीही.

साखळी तुटली तर?

रविवारचा बॅकअप आहे आणि बिघाड गुरुवारी दुपारी झाला, तर रविवारची प्रत परत ठेवून तेव्हापासूनचे लॉग क्रमाने चढवावे लागतात. मंगळवारची एकच लॉग फाइल गहाळ असेल, तर पुनर्प्राप्ती तिथेच थांबते. बुधवारचे सगळे लॉग शाबूत असूनही उपयोग शून्य. साखळी अखंड असेल, तर मात्र हवे तिथे थांबताही येते. कुणी ११ वाजून ४२ मिनिटांनी चुकून आख्खा तक्ता उडवला असेल, तर ११ वाजून ४१ मिनिटांपर्यंतच लॉग चढवायचे. ही सोय दुय्यम सर्व्हर देत नाही. तो मुख्य सर्व्हरवर झालेली चूकही इमानेइतबारे, बहुधा काही क्षणांतच गिरवतो.

मग सगळेच लॉग का जपत नाहीत?

जागा लागते म्हणून. ओरॅकलमध्ये आर्काइव्ह लॉगची डिस्क भरली, तर डेटाबेस नवे बदल स्वीकारणेच थांबवतो. ग्राहक खोळंबलेले, साहेबांचे फोन चालू, अशा घाईत कुणीतरी बॅकअप न घेतलेले जुने लॉग उडवून जागा करतो आणि साखळी तिथेच तुटते. काही ठिकाणी लॉग आणि मूळ डेटा एकाच डिस्कवर असतात. डिस्क गेली की दोन्ही जातात. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियातील देजॉन येथील सरकारी डेटा सेंटरला आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या ‘जी-ड्राइव्ह’मधील ८५८ टेराबाइट माहितीची बाहेर प्रतच नव्हती. ती डेटाबेसची नव्हे, फायलींची साठवण होती, पण प्रत दुसऱ्या जागी हवी हा नियम दोन्हींना सारखाच.

गिटलॅबने पुढे काय केले?

कंपनीने काहीही न लपवता घटनेचा तपशील प्रसिद्ध केला. दुरुस्तीचे कामही यूट्यूबवर थेट दाखवले. पुढील सुधारणांमध्ये लॉग आर्काइव्ह करणे आणि बॅकअप खरोखर परत उभा राहतो का, याची आपोआप चाचणी घेणे यांचा समावेश होता. अशा चाचणीत आणखी एक गोष्ट कळते, ती म्हणजे लागणारा वेळ. सहा तासांपूर्वीची ती प्रत सापडल्यानंतरही चाचणी सर्व्हरच्या डिस्क संथ असल्याने ती मुख्य सर्व्हरवर आणायला सुमारे १८ तास गेले.