आंकड्यांतून नादाकडे

सोलापूर शहराला नादाची सवय फार जुनी आहे. १८७७ सालीं येथें 'जुनी गिरणी' उभी राहिली. तिच्यामागून आणखी गिरण्या आल्या आणि त्यांच्या भोंग्यांवर कित्येक पिढ्यांनीं आपली दिनचर्या बेतली. त्या जुन्या गिरण्यांचे भोंगे आतां थांबले आहेत. तरी शहराच्या पूर्व भागांत चादरी व टॉवेल विणणाऱ्या यंत्रमागांचा खडखडाट चालूच असतो, आणि रस्त्यावरील वाहनांनीं त्यांत आपली भर घातली आहे. अशा शहरांत ज्याला एखादा ख्याल किंवा एखादें नाट्यपद मन लावून ऐकावयाचें असेल, त्याला हेडफोनचा आश्रय घ्यावा लागतो. दोन-तीन खोल्यांच्या घरांत एकाचा अभ्यास, दुसऱ्याची झोंप आणि तिसऱ्याचें गाणें हीं एकाच वेळीं सुखानें नांदावयाचीं असतील, तर हेडफोन ही केवळ चैन राहत नाहीं. तो शेजारधर्माचाच एक भाग होतो.

परंतु लॅपटॉपला हेडफोन जोडून ऐकूं लागलें कीं थोड्याच दिवसांत तक्रारी सुरू होतात. कोणाला आवाज बारीक वाटतो. कोणाला गाण्याच्या मागें सतत फुसफुस ऐकूं येते. कोणाच्या कानांत चार्जर लावतांच घरघर सुरू होते. मग कोणी तरी एक लहानशी डबी विकत घेण्याचा सल्ला देतो. आगपेटीएवढ्या किंवा त्याहूनही लहान अशा या डबीचें एक टोंक लॅपटॉपच्या यू. एस. बी. खांचेंत बसतें व दुसऱ्या टोंकाला हेडफोन जोडतां येतो. बाजारांत तिला 'डॅक' म्हणतात. तिची किंमत कांहीं शें रुपयांपासून अनेक हजारांपर्यंत असते. हा खर्च करण्यापूर्वीं ही डबी नेमकें काय करते, आणि काय करीत नाहीं, हें समजून घेणें शहाणपणाचें होय.

लॅपटॉपमध्यें गाणें सांठविलेलें असतें तें नादाच्या रूपानें नव्हे, आंकड्यांच्या रूपानें. ही कल्पना सोलापूरकरांस परकी वाटण्याचें कारण नाहीं. येथील प्रसिद्ध चादरीवर जी फुलवेल दिसते ती जॅकार्ड पद्धतीच्या मागावर विणली जाते. या मागावर परंपरेनें भोंकें पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ चढविली जाते. जेथें भोंक असेल तेथला धागा उचलला जातो. जेथें नसेल तेथला खालींच राहतो. पुठ्ठ्यावर फूलही नसतें आणि वेलही नसते. असतें तें केवळ 'आहे' आणि 'नाहीं' यांचें टिपण. माग तें टिपण वाचतो आणि कापडावर फूल उमटतें. संगणकांतील गाणेंही असेंच एक आणि शून्य यांचें टिपण होय. तें वाचून त्यापासून विजेच्या दाबाचा सलग चढउतार निर्माण करणारा जो भाग, तो परिवर्तक. आणि त्या दुबळ्या चढउतारास हेडफोनचा पडदा हालविण्याइतकें बळ देणारा जो भाग, तो वर्धक. छोट्या डबींत हे दोन्ही भाग एकत्र असतात.

आंकडे किती घ्यावयाचे याचा हिशेब ठरलेला आहे. १९८२ सालीं बाजारांत आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर उजव्या व डाव्या बाजूच्या आवाजाचें प्रत्येकीं एका सेकंदांत ४४,१०० वेळां मोजमाप नोंदलेलें असतें, आणि प्रत्येक मोजमाप ६५,५३६ पायऱ्यांपैकीं एका पायरीवर बसविलेलें असतें. ही संख्या अशीच कां? तरुण व निरोगी माणसाचा कान सेकंदाला सुमारें २०,००० कंपनांपर्यंतचा नाद ऐकूं शकतो. वय वाढतें तशी ही मर्यादा खालीं येते. एखाद्या लहरीचें स्वरूप पूर्णपणें जतन करावयाचें तर तिच्या कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक वेळां मोजमाप घ्यावें लागतें. हा सिद्धांत अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांच्या १९४९ सालच्या निबंधांत मांडलेला आहे. ४४,१०० ही संख्या २०,००० च्या दुपटीहून थोडी अधिक आहे, आणि तेवढ्यानें माणसाच्या कानाचें काम भागतें. म्हणून डबीच्या वेष्टनावर ९६,००० किंवा १,९२,००० असे मोठे आंकडे पाहून दिपून जाण्याचें कारण नाहीं. ध्वनिमुद्रण करणाऱ्या तंत्रज्ञास त्यांचा उपयोग असतो. घरीं बसून ऐकणाऱ्यानें त्यांसाठीं जादा पैसे मोजण्यांत फारसें हंशील नाहीं.

येथें एक शंका साहजिकच उद्भवते. लॅपटॉपच्या आंत परिवर्तक व वर्धक नसतात काय? हेडफोनची खांच ज्यांत आहे अशा प्रत्येक लॅपटॉपमध्यें ते असतात, आणि अलीकडच्या पुष्कळ यंत्रांत ते चांगलेही असतात. तेव्हां बाहेरची डबी ही नसलेल्या वस्तूची भरपाई नव्हे. असलेल्या वस्तूची ती बदली होय. ही बदली तीनच प्रसंगीं उपयोगी पडते.

पहिला प्रसंग गोंगाटाचा. लॅपटॉपच्या पेटींत प्रक्रियक, पडदा, पंखा, वीज नियंत्रित करणारे भाग हीं सर्व अगदीं दाटीनें बसविलेलीं असतात. त्यांच्या विद्युत्प्रवाहांतील खळबळ शेजारच्या नाजूक ध्वनिमार्गांत शिरते आणि फुसफुस किंवा किरकिर या रूपानें ऐकूं येते. परिवर्तक त्या दाटींतून बाहेर काढला कीं ही बाधा पुष्कळदां दूर होते. मात्र चार्जर लावल्यावर होणारी घरघर हा निराळा रोग आहे. चार्जर काढून केवळ बॅटरीवर ऐकून पाहावें. घरघर थांबली तर दोष वीजपुरवठ्याकडून किंवा अर्थिंगकडून येत आहे असें समजावें. डबीही आपली वीज लॅपटॉपकडूनच घेत असल्यामुळें हा दोष तिनें जाईलच असें नाहीं. अशा वेळीं घरांतील अर्थिंग जाणत्या वायरमनकडून तपासून घ्यावें. घरघर थांबविण्यासाठीं तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन काढून टाकण्याचा उपाय कोणी सुचविल्यास तो कदापि मानूं नये. ती पिन जिवाच्या रक्षणासाठीं आहे.

दुसरा प्रसंग बळाचा. हेडफोनच्या पेटीवर दोन आंकडे छापलेले असतात. एक ओहममधील रोध, दुसरा डेसिबलमधील संवेदनक्षमता. समजा, एक मिलिवॅट शक्तीवर १०० डेसिबल आवाज देणारे दोन हेडफोन आहेत. एकाचा रोध ३२ ओहम, दुसऱ्याचा ३०० ओहम. गाण्यांतील क्षणिक शिखरांसाठीं ११० डेसिबलपर्यंतची सोय हवी असेल तर दसपट, म्हणजे १० मिलिवॅट, शक्ति लागेल. त्यासाठीं पहिल्या हेडफोनला सुमारें ०.५७ व्होल्ट दाब पुरतो. दुसऱ्याला मात्र सुमारें १.७३ व्होल्ट हवा. ज्या लॅपटॉपची खांच एक व्होल्टच्या आसपास दाब देते, तो पहिल्यास सहज हांकील आणि दुसऱ्यापुढें थकून जाईल. यावरून निष्कर्ष स्पष्ट आहे. नेहमींच्या वापरांतील हलक्या हेडफोनला अधिक बळाची गरज बहुधा नसते; गरज असते ती ध्वनिमुद्रणगृहांत वापरल्या जाणाऱ्या उंच रोधाच्या हेडफोनला.

तिसरा प्रसंग जरा सूक्ष्म आहे. वर्धकाला स्वतःचाही एक रोध असतो. तो हेडफोनच्या रोधाच्या मानानें मोठा असला तर दाबाचा बराचसा भाग तेथेंच खर्च होतो. शिवाय पुष्कळ हेडफोनांचा रोध सर्व स्वरांना सारखा नसतो. त्यामुळें कांहीं स्वर उगाच फुगतात, कांहीं दबतात, आणि तबल्याचा डग्गा अथवा गायकाचा खर्ज मुळांत होता तसा राहत नाहीं. वर्धकाचा रोध हेडफोनच्या रोधाच्या एक-अष्टमांशाहून अधिक नसावा, असा व्यवहारांत मानला जाणारा नियम आहे. ३२ ओहमच्या हेडफोनला ४ ओहम किंवा त्याहून कमी रोधाची डबी योग्य होय.

डबी आणल्यावर ती जोडण्याची रीत सोपी आहे. प्रथम आवाज अगदीं खालीं आणावा, नंतर डबी लॅपटॉपमध्यें बसवावी, हेडफोन तिला जोडावा, आणि सर्वांत शेवटीं तो कानांवर चढवावा. कारण जोडतांना कधीं कधीं मोठा ठोका बसतो. २०१७ पासूनच्या विंडोज १० मध्यें अशा बहुतेक डब्या ओळखण्याची सोय अंगभूतच असल्यानें वेगळी आज्ञावली बसवावी लागत नाहीं. तरीही आवाज जुन्याच खांचेंतून येत राहिला तर ध्वनीच्या सेटिंगमध्यें जाऊन या नव्या उपकरणाचें नांव निवडावें. मोजमापाची गति गाण्यांसाठीं ४४,१०० आणि चित्रपट किंवा व्याख्यानांसाठीं ४८,००० ठेवणें पुरेसें आहे. डबीला स्वतःची आवाजाची कळ असेल तर लॅपटॉपवरील आवाज वर ठेवून रोजचा कमीजास्तपणा त्या कळीनें करावा. पण हा बदल हेडफोन कानांवरून उतरवूनच करावा. ज्या घरांत मुलांचे वर्ग किंवा कचेरीच्या सभा लॅपटॉपवरून चालतात, त्यांनीं डबी मायक्रोफोनचाही आवाज वाहून नेते कीं नाहीं हें विकत घेतेवेळींच विचारावें. कित्येक डब्या केवळ ऐकविण्याचेंच काम करतात.

आतां डबीच्या मर्यादा. मिरजेस स्थायिक झालेले अब्दुल करीम खां किंवा बालगंधर्व यांच्या गाण्याच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या आज संगणकावर ऐकावयास मिळतात. त्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचेंच गाणें मावत असे, आणि सुईची खरखर तिच्यांत कायमची मिसळलेली आहे. कोणतीही डबी ती खरखर काढूं शकत नाहीं, अथवा त्या वेळीं नोंदलेच गेले नाहींत ते सूक्ष्म नाद परत आणूं शकत नाहीं. फार आंखडून सांठविलेल्या गाण्याचीही गोष्ट तीच. पुठ्ठ्यावर जी नक्षी नाहीं ती माग कोठून विणणार? त्याचप्रमाणें बिनतारी हेडफोनमध्यें परिवर्तक व वर्धक हेडफोनच्या आंतच असतात. त्याला या डबीचा कांहींच उपयोग नाहीं.

सर्वांत महत्त्वाचा विचार कानाचा. अधिक बळ हातीं आलें कीं अधिक आवाज करण्याचा मोह होतो. जागतिक आरोग्य संघटनेनें प्रौढांसाठीं ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास, आणि मुलांसाठीं ७५ डेसिबल तितकेच तास, अशी मर्यादा सांगितली आहे. दर ३ डेसिबलला ध्वनीची शक्ति दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा करावा लागतो. ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला १० तास, ८९ ला अवघे ५ तास. आणि ही मर्यादा रोजची नसून सगळ्या आठवड्याची आहे.

सोलापुरांत या हिशेबाला विशेष अर्थ आहे. यंत्रमागांच्या कारखान्यांत आवाज पुष्कळदां ९० डेसिबलच्या वर जातो. दिवसभर तेथें काम केलेल्या माणसाचा कान संध्याकाळीं थकलेला असतो. त्याला नेहमींचा आवाजही मंद वाटतो. अशा वेळीं डबीची कळ वर सरकविणें म्हणजे दमलेल्या बैलाला चाबूक मारण्यासारखें आहे. जो माणूस मागाजवळच्या घरांत बसून ऐकतो, तोही बाहेरचा खडखडाट बुडविण्यासाठीं गाण्याचा आवाज चढवितो. त्यावर खरा उपाय बळकट वर्धक हा नव्हे. कानाला नीट झांकणारा, बाहेरचा आवाज अडविणारा हेडफोन हा होय. बाहेरचा गोंगाट कमी झाला कीं थोडक्या आवाजांतही गाणें स्पष्ट ऐकूं येतें. प्रत्येक कानाच्या शंखांत नाद ग्रहण करणाऱ्या सुमारें पंधरा हजार केसाळ पेशी असतात. त्या एकदां नष्ट झाल्या कीं माणसांत पुन्हां उगवत नाहींत. ऐकून झाल्यावर कानांत शिटीसारखा नाद घुमत राहिला, तर मर्यादा ओलांडली गेली असें जाणावें.

सारांश, फुसफुस ऐकूं येत नसेल, आवाज निम्म्या कळीवरच पुरत असेल आणि हेडफोन साधा असेल, तर डबी घेण्याची आवश्यकता नाहीं. ते पैसे चांगल्या हेडफोनवर खर्च करावे. दोष खरोखरीच असेल तर माफक किंमतीची, कमी रोधाची डबी तो दूर करील, आणि कित्येक वर्षें निमूटपणें आपलें काम करीत राहील. डबी बिघडली तर दुकानांत दुसरी मिळते. कानाची तशी सोय कोणत्याही बाजारांत नाहीं. म्हणून यंत्राची निवड करतांना पहिला मान कानालाच दिला पाहिजे.